साजगावचा लाल दिवा

१

साजगावच्या जत्रेत लाल दिवा लागला आणि नवशा वाघमारेची नोकरी, लागायच्या आधीच सुटली.

दामू हवालदार त्या वेळी चंद्राबाईच्या चहाच्या पालात बूट काढून बसला होता. बूट नवे होते, सरकारी होते आणि दोन्ही उजव्या पायाचे होते. त्याबद्दल त्याने वर कळवलं होतं. वरून चौकशी आली होती की, डावा पाय जागेवर आहे ना? तेव्हापासून तो जिथे बसायला मिळेल तिथे बसत असे.

बाहेर आधी दोन मोटरसायकलींचा आवाज झाला, मग जत्रेतल्या झाडून सगळ्या माणसांचा, आणि मग कनात बाजूला सारून श्रीपत गायकवाडचं डोकं आत आलं.

"दामूदादा, चल लवकर. मारामारी होतेय."

"कोणाकोणात?"

"अजून ठरलं नाही."

श्रीपत हा तिथल्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यातला इलेक्ट्रिशियन. परदेशात म्हणे दोन-दोन गाड्या सरळ रस्त्यावर पळवतात आणि माणूस नव्हे तर दिवे त्यांना सोडतात, असं त्याने एका जुन्या मासिकात चित्रासकट पाहिलं होतं. त्याने कारखान्यातलं भंगार जमवून तसंच यंत्र केलं. रस्त्यावर चुन्याची रेघ. रेघेच्या एका बाजूला डब्यात बसवलेला दिवा, दुसऱ्या बाजूला डब्यातच बसवलेला विजेचा डोळा. मोटरसायकलचं पुढचं चाक रेघेवर आलं की उजेड अडतो, आणि खांबावर पांढरा दिवा लागतो: गडी तयार. मग पिवळा, पुन्हा पिवळा, हिरवा. हिरव्याच्या आधी चाक हललं तर डोळ्यावर उजेड पडतो आणि त्या गड्याला हिरव्याऐवजी लाल दिवा लागतो. लाल म्हणजे बाद. दोन्ही गड्यांना वेगवेगळे दिवे, वेगवेगळे डोळे. शर्यतीच्या शेवटालाही तसेच डोळे; जो आधी पोचेल त्याचा दिवा लागतो.

यंत्र यायच्या आधी शर्यत कोंडाजी पाटलांच्या रुमालावर सुटत असे. पाटील रुमाल टाकायचे, गाड्या सुटायच्या. पण त्या रुमालाला नात्यागोत्याची फार जाण होती. पाटलांचा जावई पोपट तयार झाल्याखेरीज तो हातातून सुटतच नसे. दरवर्षी डोकी फुटत. म्हणून यंदा यंत्र.

आणि यंदा डोक्यापेक्षा मोठी गोष्ट पणाला लागली होती. कारखान्याच्या जीपला कायमचा ड्रायव्हर हवा होता. उमेदवार दोन: पोपट आणि नवशा. पोपट पाटलांचा जावई, आणि कारखान्याची पाण्याची लाइन पाटलांच्या शेतातून गेलेली. नवशा डोंगराखालच्या वाडीतला. खडीच्या ट्रकवर तो क्लीनर म्हणून चढला. ड्रायव्हर झोपायला लागला तेव्हा ड्रायव्हर झाला, लायसन्स मागाहून काढलं. गाडी मात्र अशी हाके की शेजारी बसलेला माणूसही झोपावा. मॅनेजरसाहेबांना कोणालाच नाही म्हणायचं नव्हतं. त्यांनी जाहीर केलं, जत्रेत जो जिंकेल तो ड्रायव्हर, यंत्र म्हणेल ते खरं.

यंत्र म्हणालं, लाल.

"नवशा म्हणतो मी हललोच नाही," श्रीपत म्हणाला, "आणि माझं यंत्र खोटं बोलत नाही. आता कर काय करायचं ते."

दामूने एक उजवा बूट उजव्या पायात घातला, दुसरा उजवा बूट डाव्या पायात घातला, आणि तो तपासाला निघाला. आजवरच्या नोकरीत त्याने एकही गुन्हा शोधून काढलेला नव्हता. हरवलेल्या म्हशी आपण होऊन परत येत, आणि चोर त्याच्याशी बोलता बोलता कंटाळून कबूल होत.

२

रेघेपाशी नवशा श्रीपतच्याच राजदूत मोटरसायकलला टेकून उभा होता. गाडी श्रीपतने त्याला शर्यतीपुरती दिली होती. नवशाचा चेहरा अस्थी सोडून आलेल्या माणसासारखा झाला होता.

"नीट सांग," दामू म्हणाला.

"पांढरा लागला. पिवळा लागला. मी गाडी रेस केली. दुसरा पिवळा लागला आन् मंग एकदम लाल. मी तसाच हुबा. मला वाटलं, माझी मानच वाकडी झाली, दुसऱ्याचा दिवा बघतोय. तवर बाजूनं पोपट सुटला. मंग मीबी सुटलो."

"लाल लागल्यावर सुटलास?"

"तो सुटला म्हून सुटलो. आन् पयला आलो, हवालदारसाहेब! तिकडं शेवटाला माझा दिवा लागला. तेबी यंत्रच हाय ना?"

"म्हणजे तू मागून सुटलास आणि पुढे गेलास."

"व्हय."

"आणि यंत्र म्हणतं, तू आधीच सुटलास."

"व्हय," नवशा म्हणाला आणि खाली बसला. "साहेब, आज सांजच्याला वीटभट्टीचा ट्रक येतोय वाडीवर. माझी बायकू आवडी भांडीकुंडी घेऊन बसली असंल त्याच्यात. मी म्हनलेलं, नोकरी लागली तर येऊन उतरवतो. नाय तर तसाच चढतो. मंग पावसापत्तूर तिकडंच."

मॅनेजरसाहेब तिथे आले. घड्याळाकडे बघण्याची त्यांची एक खास पद्धत होती. तिने समोरच्याला आपणच घड्याळ उशिरा केल्यासारखं वाटे.

"हवालदार, मी जेवून निघणार आहे. तोवर मला एक सांगा. यंत्र खरं असेल तर हा गडी बाद, नोकरी पोपटला. यंत्र खोटं असेल तर शर्यत पुन्हा घेऊ."

"कशावर, साहेब?"

"आता यंत्र नाही म्हटल्यावर," साहेबांनी दूर उभ्या पाटलांकडे पाहिलं, "रुमालावरच."

दामूने हिशोब केला. यंत्र खरं, तर पोपट. यंत्र खोटं, तर रुमाल. आणि रुमाल म्हणजेही पोपट. नवशाला वाचायचं तर यंत्रही खरं निघायला हवं होतं आणि नवशाही. आणि दोघं तर एकमेकांच्या अगदी उलट बोलत होते.

३

साक्षीदारांना तोटा नव्हता. दामूने विचारायचा अवकाश, अर्धी जत्रा पुढे झाली.

"मी या डोळ्यानं बघितलं," नारळवाला म्हणाला. "नवशा सुटला. टणकन उडी मारली गाडीनं."

"काय बोलतो रं?" फुगेवाला त्याच्यावर धावून गेला. "खांबासारका हुबा हुता! मी पापनीबी लववली नाय!"

दोघेही देवळाकडे हात करून शपथ घ्यायला तयार होते. दामूने डोकं खाजवलं. एवढ्या माणसांनी बघितलेली गोष्ट इतकी अदृश्य असलेली त्याला माहीत नव्हती.

तेवढ्यात पोपट समोर आला, आणि दामूला विचारायचा प्रश्न सापडला. पोपटने लग्नातला जरीचा फेटा बांधला होता. तुऱ्यासकट. शकुनाचा म्हणून तो शर्यतीतही त्याने उतरवला नव्हता.

दामूने पोपटला चंद्राबाईच्या पालात पाठवलं आणि साक्षीदारांकडे वळला.

"पोपटच्या डोक्यावर काय होतं रे शर्यतीत?"

नारळवाला म्हणाला, टोपी. फुगेवाला म्हणाला, बोडका होता. तिसरा म्हणाला, पोपटला टक्कल आहे. जत्रेत मासळी विकायला बसलेल्या एका बाईने तर त्याच्या डोक्यावर हंडा पाहिला होता, पण ती लगेच म्हणाली की, ती दुसरी कोणीतरी असेल.

"तुरा लावलेला फेटा बांधून माणूस मोटरसायकलवर बसला," दामू श्रीपतला म्हणाला, "आणि एकालाही दिसला नाही. अरे, बघत कुठे होते सगळे?"

"दिव्यांकडे," श्रीपत म्हणाला. "मी पण."

"रुमालाच्या वेळी?"

"रुमालाच्या वेळी चाकाकडे बघायचे. रुमालावर विश्वास कुणाचा होता?"

म्हणजे यंत्र आलं आणि रेघेपाशी बघणारं माणूसच उरलं नाही. रेघेवर त्या क्षणी हत्ती बसला असता तरी पंचनाम्यात आला नसता.

दामू खाली वाकला. रेघेच्या कडेला, विजेच्या डोळ्यापासून हातभर अंतरावर, धुळीत एक लाल ठिपक्यांचा रुमाल पडला होता.

४

"माझाच हाय," कोंडाजी पाटील म्हणाले. "घाम पुसताना पडला."

"पाटील, घाम पुसताना पडलेला रुमाल चोळामोळा होतो. हा तर सत्यनारायणाला अंथरल्यासारखा पडलाय. टोकाला धरून सोडल्याशिवाय असा पडत नाही."

पाटलांच्या मिशीचं एक टोक खाली आलं.

"डोळ्यावर टाकला होता?" श्रीपत उसळला. "माझ्या यंत्राच्या डोळ्यावर?"

"तुज्या यंत्राला मी हात लावला न्हाय!" पाटील कडाडले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज एकदम घरगुती केला. "हवालदार, जरा बाजूला या."

बाजूला गेल्यावर पाटलांनी मिशीचं दुसरं टोक चाचपलं. म्हातारा माणूस पहिल्यांदा दवाखान्यात गेल्यावर बोलतो तसं मग बोलले.

"सवय हो. इतकी वर्सं टाकतोय. हिरवा लागला आन् हातातनं सुटला. माज्या मनात काय नव्हतं. रुमालाच्याच मनात असंल."

"हिरवा लागल्यावर? नक्की?"

"दिव्याकडं बघूनच तर सुटला. आता ह्ये गावात सांगू नका. लोक म्हनतील, पाटील यंत्राचा नोकर झाला."

दामूने मनातल्या मनात पाटलांना सोडून दिलं. रुमाल हिरव्यानंतर पडला. लाल दिवा त्याच्या आधी लागला. चोर हा नव्हता. ज्याच्यावर संशय घेण्यात सगळ्या गावाला आनंद झाला असता तोच नेमका निर्दोष निघाला, याचं दामूलाही वाईट वाटलं.

तो लंगडत परत पालात येऊन बसला. बाहेर मॅनेजरसाहेब हात धुऊन जेवायला बसल्याचं दिसत होतं. पोळ्यांची चळत लहान होती.

"हाड! हाड मेल्या!" चंद्राबाई ओरडली. कपबशा विसळायच्या बादलीत एका पिवळ्या कुत्र्याने तोंड घातलं होतं. "हवालदारसाहेब, ह्याला आदी आत घ्या. शर्यत झाल्यापासनं पितोय नुसता. दुसरी बादली हाय ही. पोट बगा, पखालीगत झालंय."

कुत्र्याने मान वर केली, दामूकडे दमल्यासारखं पाहिलं आणि पुन्हा पाणी प्यायला सुरुवात केली.

कार्तिकातला गारवा होता. एवढी तहान कुत्र्याला उन्हाळ्यातही लागत नाही. एवढी तहान लागते ती खारट खाल्ल्यावर.

"चंद्राबाई, जत्रेत कुत्र्याला खारट कोण घालणार?"

"कोन घालतंय! सुकी मासळी सगळी शिंक्यावर टांगलेली. नवशानं घेतलेली जुडी तेवडी मी माज्या बाकावर ठेवू दिली न्हाय, ह्याच मेल्यासाठी. म्हनलं, बाबा, गाडीला बांध."

दामू उठला. दुसरा बूट घालायचं राहिलं.

५

साजगावच्या जत्रेतून बोंबील घेतल्याशिवाय कोणी घरी जात नाही. नवशाने तर भट्टीवर पावसापर्यंत पुरेल अशी घसघशीत जुडी घेतली होती. नोकरी लागली तर उत्तम, नाही तर कालवणाची सोय.

"कुठे बांधली होतीस?" दामूने विचारलं.

"म्होरल्या नंबरपाटीला. परसादाचं म्हून म्होरंच." नवशाने पाहिलं. "पडली वाटतं कुटंतरी. नोकरी गेली, आता बोंबलांचं काय."

चाकावरच्या मडगार्डावर उभ्या नंबरपाटीला काथ्याची दोरी तशीच होती. दामूने ती हातात धरली. दोरीत अडकून राहिले होते ते फक्त बोंबलांचे जबडे. बोंबील वाळवताना दोघांची तोंडं एकमेकांत अडकवून टांगतात. हे जबडे अजून एकमेकांना धरून होते. खालचे बोंबील नव्हते.

"चंद्राबाई, मासळीवालीकडून एक जुडी उसनी आणा. श्रीपत, यंत्र चालू कर. साहेबांना बोलाव, ताट हातात घेऊन आले तरी चालतील."

साहेब ताट ठेवून आले. जत्रा गोळा झाली. नवशाने दोरीला नवी जुडी बांधली. ती चाकाच्या पुढे, जमिनीपासून वीतभर वर लोंबू लागली. तो गाडी हळूहळू रेघेकडे आणू लागला. पांढरा दिवा लागला.

"थांब!" दामू ओरडला. "आता दिव्याकडे कोणी बघायचं नाही. सगळ्यांनी खाली बघा."

सगळी जत्रा खाली वाकली. चाक रेघेच्या वीतभर मागे होतं. उजेड अडवला होता तो बोंबलांनी.

"म्हणजे तयार झाले होते ते बोंबील," दामू म्हणाला. "गडी अजून यायचाच होता. आता रेस कर."

नवशाने गाडी रेस केली. जुडी ढिम्म हलली नाही. पाटील हसले. नवशाने मूठ अजून पिळली. जुडी जराशी डुलली आणि पुन्हा लोंबत राहिली. मॅनेजरसाहेबांनी घड्याळाकडे बघायला मनगट वर केलं. श्रीपतने डोळे मिटून घेतले.

"अशी रेस करत होतास?" दामूने विचारलं.

"नाय. तवा हात कापत हुता."

"मग आता का कापत नाही?"

"आता काय ऱ्हायलंय कापायला?"

"अजून नोकरी गेलेली नाही रे, मूर्खा!"

हे ऐकलं मात्र, नवशाचा हात कापायला लागला. राजदूत गुरगुरली, थडथडली, अख्खी गाडी हिवताप भरल्यासारखी हलायला लागली. कडकडीत वाळलेले जबडे काट्‌काट् मोडले. जुडी खाली पडली. डोळ्यावर उजेड पडला.

लाल दिवा लागला. चाक तसूभरही हललं नव्हतं.

कोणी काही बोलायच्या आत पिवळा कुत्रा गर्दीतून आला, जुडी उचलली आणि बादलीच्या दिशेने निघून गेला.

"यंत्र खोटं बोललं नाही," दामू म्हणाला. "त्याच्यासमोरून जे सुटलं ते त्याने सांगितलं. नवशाही खोटं बोलला नाही. हिरव्याच्या आधी सुटले ते बोंबील. बाद करायचे तर त्यांना करा."

"पण नवशा पोपटच्या मागून सुटला, याला पुरावा?" साहेबांनी विचारलं. "तो तर फक्त स्वतःचं सांगतोय. आणि बघत तर कोणीच नव्हतं."

सगळ्या जत्रेने दामूकडे पाहिलं. एकाच माणसाने दिव्याकडे पाहिलं नसणं शक्य होतं, आणि तो माणूस सांगून स्वतःचंच नुकसान करणार होता. तरी दामूने विचारलं.

"पोपटराव, तुम्ही कशावर सुटलात?"

पोपटने सासऱ्यांकडे पाहिलं. पाटलांनी आभाळाकडे पाहिलं.

"मामांच्या रुमालावर," पोपट म्हणाला. "मला त्या दिव्यांचं काय कळत नाय. रुमाल पडला, मी सुटलो. सुटताना बाजूला बघितलं तर ह्यो हुबाच. माझ्यामागनं सुटला आन् मला मारून गेला, खरं हाय."

"पोपट!" पाटील म्हणाले.

"ओरडू नका मामा. सकाळच्या सात वाजता ड्यूटी हाय त्या जीपवर. सातला! मी लग्नाच्या मुहूर्तालाबी उठलो नव्हतो, ठाऊक हाय ना? रात्रभर झोप न्हाय मला, जिंकलो तर काय म्हून." आणि त्याने फेटा काढून डोक्याला वारा घातला. इतका हलका झालेला माणूस दामूने तुरुंगाच्या दारातही पाहिला नव्हता.

यंत्राने हिरवा दिवा दाखवला तो पाटलांच्या रुमालाने ऐकला, रुमालाचं पोपटने ऐकलं, पोपटचं नवशाने. इतक्या लांबून आलेला हुकूम पाळूनही तो पहिला आला होता. मॅनेजरसाहेबांनी पाटलांकडे पाहिलं. जावईच नको म्हणतो म्हटल्यावर पाण्याच्या लाइनीला धोका नव्हता. त्यांनीही बहुतेक सकाळपासून धरलेला श्वास सोडला.

"वाघमारे," ते म्हणाले, "जीप घेऊन हवालदारांना सोडा. त्यांचा एक बूट कुठे आहे?"

नवशा आधी बूट आणायला पालाकडे धावला.

६

हवालदारांना सोडायच्या आधी जीप वाडीच्या फाट्याकडे वळली. नवशाने विचारलं नाही आणि दामूने हरकत घेतली नाही.

ट्रक उभा होता. वाडीतली चार-पाच बिऱ्हाडं वर चढली होती, आणि आवडी टोपली, तवा, घोंगडी आणि एक कोंबडी यांच्यामध्ये बसली होती. जीप थांबली तशी ती उभी राहिली. पोलीस दिसला तशी परत बसली.

"आवडे, उतर."

"का? काय केलंस?"

"नोकरी लागली."

"मंग पोलीस कशाला आनलास?"

"त्यांनीच लावली."

आवडीने दामूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिचा विश्वास बसल्यासारखा दिसला नाही, पण तिने कोंबडी उचलून त्याच्या हातात दिली. मग ट्रकमधल्या सगळ्यांनीच हात लावला. तवा खाली आला, टोपली आली, घोंगडी आली. मुकादम म्हणाला, उशीर होतोय, हवालदारसाहेब. दामू म्हणाला, होऊ दे. कोंबडी काखेत धरून याहून जास्त अधिकार दाखवता येत नव्हता.

सगळ्यात शेवटी आवडी उतरली. वरच्या बायकांनी तिचे हात धरले, सोडले, पुन्हा धरले. ट्रक निघाला, धूळ उडाली, धूळ बसली. ती फाट्यावर उभीच राहिली. आणि मग एकदम तिने कपाळावर हात मारला.

"अगं बया! निघताना चूल मोडून टाकली रं मी. आता सैपाक कशावर?"

"नवी घालू," नवशा म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "तीन दगडं तर लागतात."

दामूने कोंबडी जीपमध्ये ठेवली, रस्त्याच्या कडेला नीट पाहिलं, आणि त्यातल्या त्यात सपाट असा एक दगड उचलला.